कुमुदताईंनी थांबवलेला फर्मा

कुमुदताईंना ‘होईल तसं होऊ द्या’ असं म्हणायची हिंमत केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे मीच. एकदाच म्हणालो. नंतर तोंडाला कुलूप लावलं.

मी लोटन मिस्त्री, मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत साचे दुरुस्त करण्यात जन्म गेला. यंत्रमागाला इकडे साचा म्हणतात आणि मागांच्या कारखान्याला साचाखातं. पण हे माझं चरित्र नाही, ताईंबद्दल सांगायचंय. मला मध्येमध्ये यावं लागेल, त्याला इलाज नाही, कारण पुस्तक माझं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हात थकले तसा मी बसून तीन वह्या लिहून काढल्या. साचा चालतो कसा, बिघडतो कसा, दुरुस्त कसा करायचा आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे उभं कसं राहायचं. आमच्याकडची, मराठवाड्यातली, विदर्भातली माणसं आज गाडीतून उतरायची आणि उद्या साच्यापुढे उभी राहायची. शिकवणारं कोणी नाही. जुना कारागीर आपली विद्या बायकोलासुद्धा सांगायचा नाही, नवख्याला काय सांगणार! म्हणायचा, ‘बघ आणि शीक.’ बघताबघता काय काय जातं ते मला ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, आपणच पुस्तक काढायचं, आपणच छापून घ्यायचं.

आमच्या घरात आधी हसू झालं. बायको म्हणाली, “आते म्हातारपनमा लेखक व्हई ऱ्हायनात का?” मग शहरातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. त्याने माझी वही मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. वहीला साच्याच्या तेलाचा वास होता, कबूल आहे. म्हणाला, “काका, कविता आहेत का?” म्हटलं, मशीनचं पुस्तक आहे. “मशीनचं? मराठीत? सुरतमध्ये? कोण वाचणार?” मी वही उचलली आणि चालू लागलो. असा राग आला होता की रिक्षा न करता पायी डिंडोलीला आलो.

आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, जिथून मी रोज जायचो, तिथे पाटी होती. ‘मराठी, गुजराती, हिंदी अक्षरजुळणी. चप्पल बाहेर.’ नवरा बँकेत, बदली होऊन नागपूरहून आलेलं घर. पुढच्या खोलीत बाईंचा कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, भजनीमंडळाची वर्गणीची पत्रकं, अशी कामं. कॉम्प्युटरवर त्यांच्याच जुन्या साडीचं शिवलेलं झाकण, बाजूला कागद दाबून ठेवायला खलबत्त्यातला बत्ता. ह्याच कुमुदताई. चाळिशीच्या, उंच, कडक इस्त्रीच्या सुती साडीत. बोलणं सरळ नागपुरी.

त्यांनी वहीचा वास घेतला नाही की नाक मुरडलं नाही. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मी बाहेर चपलेशेजारी अवघडून उभा. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मिस्त्री, एक सांगा. कापड नेमकं तयार कुठं होऊन राहिलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही लिहिलं, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे जातो. मग फणी ठोकते. मग कापड गुंडाळलं जातं. पण धागा होता त्याचं कापड झालं, ते कोणत्या जागी?”

मी हसलो. मग सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आयुष्य गेलं त्या जागेसमोर, पण शब्दात सांगता येईना. हातवारे केले, टेबलावर बोटाने रेघा मारल्या. ताईंनी शांतपणे वही मिटली. म्हणाल्या, “मला समजलं नाही. मला समजलं नाही म्हणजे नवख्याला समजणार नाही. उद्या मला साचा दाखवा, मग टायपिंगला बसते.”

मला वाटलं बोलायची पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी बाई खरंच भेस्तानच्या आमच्या खात्याच्या दारात उभ्या! पदर कमरेला खोचलेला, हातात वही. साचे चालू असले की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, खुणांनी कारभार चालतो. बँकेतल्या साहेबांची बायको आत आली तसे सगळे कारागीर माना वळवून बघायला लागले. सेठ धावत आला. त्याला वाटलं सरकारी तपासणी आली. माझ्या कानात ओरडून विचारतो, “मिस्त्री, आ बेन कोण छे?” मी पण ओरडलो, “मारा पुस्तकनां बेन छे!” माझं गुजराती तेवढंच. सेठला काय कळलं देव जाणे, पण त्याने खुर्ची मागवली.

खुर्चीवर ताई बसल्या नाहीत. एका साच्यापुढे तासभर नुसत्या उभ्या राहिल्या. मग मला खूण केली, थांबवा. मी थांबवला. त्यांनी वाकून फणीपुढच्या त्या बोटभर जागेकडे बघितलं, जिथे आडवा धागा उभ्या धाग्यांत बसतो. बोट न लावता लांबून दाखवलं, इथे? मी मान हलवली. बाईंचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच धंद्याचं कौतुक वाटलं. इतकी वर्षं त्या जागेकडे मी बिघाड शोधायलाच बघत आलो होतो.

त्या दिवसापासून पद्धत ठरून गेली. मी लिहिलेलं वाचायचं, मग “आधी करून दाखवा” म्हणायचं, मी करून दाखवायचं, मग त्यांनी माझंच वाक्य मला परत वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “तुम्ही हे केलं का आत्ता?” दहातल्या चार वेळा मी लिहिलेलं एक असायचं आणि केलेलं दुसरंच. मी चिडायचो. म्हणायचो, “ताई, असं बारीक बघितलं तर पुस्तक पुढल्या जन्मी निघेल.” त्या म्हणायच्या, “बाप्पा! मग पुढल्या जन्मीच्या लोकांना तरी नीट मिळेल.” आणि की-बोर्डवर बोटं चालू.

त्यांच्या एकेक तऱ्हा होत्या. पान कॉम्प्युटरवर लागलं, छापून आलं, की ते आधी उलटं धरून बघायच्या. डोकं खाली, पाय वर. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाल्या, सरळ धरलं की डोळे वाचत सुटतात, पान दिसतच नाही. उलटं धरलं की कुठे पांढरी भोकं पडलीत, कुठे ओळी दाटल्यात, ते चटकन दिसतं. मी करून बघितलं. खरंच दिसतं! घरी पेपर उलटा धरून बसलो तर बायकोने कपाळाला हात लावला.

पेन्सिल अंबाड्यात खोचलेली असायची आणि ती घरभर शोधत फिरायच्या. वीज गेली की चिडायच्या नाहीत, पण वीज जायच्या आधी काम साठवून ठेवायला विसरल्या असतील तर स्वतःला मोठ्याने रागवायच्या, “कुमुद, काय करून राहिली तू!” पुस्तकाच्या फ्लॉप्यांच्या दोन जोड्या. एक घरातल्या कपाटात, दुसरी शेजारच्या गुजराती मावशींच्या कपाटात, देवाच्या पोथ्यांजवळ. मावशींना ताकीद होती, की आमच्या घराला आग लागली तर माझी चौकशी नंतर करा, आधी हे सांभाळा. मावशी बिचाऱ्या त्या फ्लॉप्यांना रोज हळदकुंकू लावायच्या. ताईंना कळलं तेव्हा धावत जाऊन पुसून आणल्या.

माझं मनोगत सहा पानांचं होतं. त्यात सेठलोकांचे आभार, समाजाच्या पुढाऱ्यांचे आभार, सरस्वतीला वंदन, तापीमाईला वंदन. ताईंनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग माझ्या उजव्या हाताकडे बघून विचारलं, “हे बोट कसं गेलं?”

माझ्या तर्जनीचं वरचं पेर नाही. तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आमच्यात निम्म्यांची बोटं अशीच, कोण कुणाला विचारणार! मी सांगितलं. सुरतेत आलो त्याच आठवड्यात धोटा मध्ये अडकला होता. साचा नीट बंद न करताच काढायला गेलो. कुठे उभं राहायचं, कोणता हात कुठे ठेवायचा, कोणी सांगितलं नव्हतं. धोट्याला फटका मारणारा लाकडी दांडा असतो, तो सुटला. तेव्हाचा मिस्त्री म्हणाला, आता कधी विसरणार नाहीस. एवढंच.

ताई म्हणाल्या, “हे पुस्तकात कुठे आहे?”

“ह्यात काय लिहायचं, ताई? ही काय शिकवायची गोष्ट आहे?”

“पहिल्या पानावर घ्या. आणि ते सहा पानांचं काढा.”

मी भांडलो. आपल्या चुकीची जाहिरात पहिल्याच पानावर कोण करतं? शेवटी लिहिलं, सतरा ओळी झाल्या. त्यांनी त्यातला एक शब्द बदलला नाही. माझ्या सगळ्या पुस्तकात न बदललेलं तेवढंच एक पान आहे.

आता चुकीकडे येतो. त्यासाठी पुस्तक छापायला कसं तयार व्हायचं तेवढं सांगावं लागेल. पान कॉम्प्युटरवर पक्कं झालं की ते ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर छापून काढायचं, तेही आरशात दिसावं तसं उलटं. छापखान्यात तो कागद प्लेटवर पालथा पडला की अक्षरं सुलटी उमटतात. अशी सोळा पानं एका मोठ्या कागदाला बसवली की झाला एक फर्मा. माझं पुस्तक सात फर्म्यांचं. चित्रं मी स्वतः काळ्या शाईने ट्रेसिंगवर काढली होती. ती ताई पानातल्या मोकळ्या चौकटीत चिकटवायच्या. पान उलटं, म्हणून चित्रसुद्धा उलटं करूनच चिकटवायचं. आणि ताईंचा कडक नियम, की चित्रात हाताने लिहिलेलं एक अक्षर नको, त्याने पान गबाळं दिसतं. माझी सगळी नावं त्यांनी खोडायला लावली आणि चित्राखाली कॉम्प्युटरच्या अक्षरात दिली.

अक्षर नसलेल्या चित्राची सुलटी बाजू कोणती, हे कागद सांगत नाही. दोन्हीकडून सारखंच दिसतं.

साचे दोन प्रकारचे असतात. उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा. म्हणजे चालू-बंद करायचं हँडल कोणाला उजवीकडे, कोणाला डावीकडे. खात्यात ते जोडीने लावतात. आम्ही पुस्तकात सुरुवातीलाच सांगितलं होतं, सगळी चित्रं उजव्या हाताच्या साच्याची आहेत, डाव्याला उलटं समजावं.

घाई झाली होती. कुमुदताईंच्या साहेबांची बदली परत नागपूरला झाली होती आणि महिन्याभरात घर हलणार होतं. इकडे मी गोडादऱ्यात समाजाचा हॉल घेऊन बसलो होतो, प्रकाशनाचा दिवस ठरवला होता, एक मोठे सेठ पाहुणे म्हणून यायचे होते. ताईंची शेवटची पद्धत अशी होती, की ट्रेसिंग छापखान्यात जाण्याआधी ते पालथं घालून त्याची सुलटी झेरॉक्स घेऊन त्या खात्यात यायच्या आणि साच्यापुढे उभं राहून पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एकेक गोष्ट स्वतः करून बघायच्या. पहिले दोन फर्मे असे तपासले. तिसऱ्याच्या वेळी मी म्हणालो, “पुरे आता ताई. होईल तसं होऊ द्या. मी तपासलंय.” आणि पानांवर ‘छापावे’ लिहून सही ठोकली. तिसरा फर्मा छापखान्यात गेला.

दोन दिवसांनी ताई न सांगता भेस्तानला हजर. हातात तिसऱ्या फर्म्याची झेरॉक्स. मी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांनी बघितल्या नाहीत.

पान उघडलं ते अडकलेला धोटा काढण्याचं. माझ्या बोटाचं पान म्हणा ना. ताईंनी चित्र बघितलं, साच्याकडे बघितलं, चित्रात दाखवलं तशा उभ्या राहिल्या आणि चित्रात दाखवला तसा हात पुढे केला. हँडल तिथे नव्हतंच. हात गेला तो थेट त्या लाकडी दांड्याच्या वाटेत. साचा चालू होता.

मी त्यांचं मनगट धरून मागे खेचलं. इतक्या जोरात, की चष्मा खाली पडला. कारागिराने साचा बंद केला. मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि बघतच राहिलो. चित्र डाव्या हाताच्या साच्याचं झालं होतं. ट्रेसिंग चिकटवताना बाजू बदलली होती. आणि मी, मिस्त्री, ज्याने हे चित्र काढलं, ज्याने सही केली, मला ते दिसलं नव्हतं. दोन्ही हातांचे साचे इतके चालवलेत की चित्र कसंही असो, डोक्यात आपोआप बरोबर बसतं. ज्याला येतं त्याला चूक दिसत नाही. दिसली ती येत नसलेल्या बाईला.

ताईंनी चष्मा उचलून घातला. पाणी दिलं, ते घेतलं नाही. पहिलं वाक्य बोलल्या, “छापून झालं असेल का?”

रिक्षाने छापखान्यात गेलो. झालं होतं. तिसऱ्या फर्म्याचे हजार कागद दोन्ही बाजूंनी छापून, रचून ठेवलेले. चौथा मशीनवर चढत होता. ताईंनी दारातूनच सांगितलं, “मशीन थांबवा.”

छापखान्याचे रमणभाई सज्जन माणूस, पण धंदेवाईक. त्यांनी चित्र फिरवून फिरवून बघितलं. “बेन, आमां शुं खोटुं छे? मस्त तो लागे छे! और गलती हो भी, तो एक छोटी चिट्ठी छापके अंदर डाल देंगे, शुद्धिपत्रक. सब लोग ऐसा करते हैं.”

“रमणभाई,” ताई म्हणाल्या, “ज्याचा हात दांड्याखाली चाललाय, त्याने ती चिठ्ठी कधी वाचायची?”

मग मी बोललो, आणि हे सांगायची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, “ताई, दिवस ठरलाय. पाहुणे ठरलेत. तुम्ही चाललात गावाला. आमच्या लोकांना उजवं-डावं कळतं हो. जाऊ द्या.”

ताई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “तुम्हाला कळलं होतं का, मिस्त्री?”

मी खाली बघितलं. नजर नेमकी माझ्याच त्या अर्ध्या बोटावर पडली. मग दोघांत वेगळंच भांडण सुरू झालं. त्या म्हणाल्या, चिकटवलं मी, चूक माझी. मी म्हणालो, सही माझी आहे, चूक माझी. रमणभाई आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. त्यांना अशी गिऱ्हाइकं जन्मात भेटली नव्हती. शेवटी त्यांनीच मशीनवरून चौथा फर्मा उतरवला आणि कागद दुसरा देतो म्हणाले.

पण पुस्तक ठरल्या दिवशी होणार नाही हे नक्की झालं. मी म्हणालो, कार्यक्रम रद्द करतो. ताई म्हणाल्या, “रद्द कशाला? लोक सुट्टीच्या दिवशी येऊन राहिलेत. कार्यक्रम होऊ द्या. आणि तो चुकलेला फर्मा रद्दीत देऊ नका, हॉलवर आणा.” का ते सांगितलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल गच्च भरलेला. भेस्तानचे, गोडादऱ्याचे, डिंडोलीचे कारागीर घरच्यांना घेऊन आलेले, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले. स्टेजवर पाहुणे सेठ, पुढारी आणि मी, गळ्यात हार. टेबलावर जिथे पुस्तक असायला हवं तिथे नुसता नारळ. सूत्रसंचालक माझ्या कानात म्हणाला, ‘छपाईत तांत्रिक अडचण’ असं सांगू का? मी हो म्हणणार, तेवढ्यात ताई स्टेजवर चढल्या आणि माईक घेतला.

“नमस्कार. मी कुमुद. ह्या पुस्तकाची पानं मी लावली. पुस्तक आज तयार नाही, कारण माझ्याकडून एक चूक झाली. ती काय, ते मी सांगणार नाही.” आणि त्यांनी तो सोळा पानांचा भला मोठा कागद दोन हातांनी वर धरला. “हे बघा. वरून दुसऱ्या रांगेतलं चित्र. बाकीच्या चित्रांशी ताडून बघा, काय चुकलंय?”

आमच्या माणसांना आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांच्या चुका काढणारे रग्गड होते. लोक पुढे सरकले, वाकून बघायला लागले. कोपऱ्यातून एक आवाज आला, “हँडल!” मग दुसरा, “डावा साचा शे तो!” आणि मग अख्खा हॉल ओरडायला लागला, डावा, डावा, डावा! एक जण तर उभा राहून हाताने करून दाखवत होता, इकडे हात गेला तर गेलं बोट. बायका त्याला खाली ओढत होत्या.

ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. मी स्टेजवर बसून ते बघितलं. छाती भरून आली. माझ्या पुस्तकाबद्दल नाही हो, ते तर टेबलावर नव्हतंच. ह्या बाईने स्वतःची चूक झेंड्यासारखी वर धरली होती, आणि खाली बसलेली माझी माणसं मान ताठ करून ती तपासत होती. दोन्हींचा अभिमान एकदम वाटला. कोणाचा जास्त, ते अजून ठरवता आलेलं नाही.

“एक मला सापडली,” ताई म्हणाल्या, “बाकीच्या पानांत काय आहे ते मला माहीत नाही. मला साचा चालवता येत नाही. तुम्हाला येतो.” आणि त्यांनी रद्दीचे ते गठ्ठे सोडले. कागद रांगारांगांतून मागे गेले. ज्यांना वाचता येत होतं ते मोठ्याने वाचू लागले, येत नव्हतं ते चित्रं बघू लागले. प्रकाशनाचा हॉल, आणि आवाज शाळेसारखा. पाहुणे सेठ आधी घड्याळ बघत होते, मग त्यांनीही एक कागद मागून घेतला.

चार दिवसांनी ताई सुरत सोडून गेल्या. पुढे सातही फर्मे छापून झाले, पुस्तक बांधून झालं, खात्याखात्यांत गेलं. नागपूरला पाठवलेल्या प्रतीची पोच आली, पण ताईंची नि माझी पुन्हा भेट नाही. त्यांना कामात असताना मी शेवटचं पाहिलं ते त्या हॉलमध्ये.

चौथ्या-पाचव्या रांगेत यमुनाबाई बसली होती. धोट्यात बसणारी दोऱ्याची कांडी, म्हणजे बॉबिन, भरणारी, अक्षरओळख नसलेली, साठीची बाई. कागद मांडीवर पसरून बॉबिनच्या चित्रावर बोट ठेवून बसलेली. कोणाला काही बोलेना. ताईंनी ते स्टेजवरून हेरलं. माईक तिथेच ठेवला, खाली उतरल्या, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत गेल्या आणि त्या कडक इस्त्रीच्या साडीसकट सतरंजीवर तिच्याजवळ बसल्या.

“काय झालं, बाई?”

यमुनाबाई लाजली. “काही नाही वो ताई. मिस्त्रीनं काढेल शे, बरोबरच व्हई.”

“मिस्त्रींचं राहू द्या. तुम्ही सांगा.”

“ह्यानं टोकापावेतो भरेल शे दोरा. तसा भरत नही. दोन बोट जागा सोडनी पडस. नहीतं धोट्यातून गुच्छाच्या गुच्छा सुटतो, साचा बंद पडतो. मग मिस्त्री आमलेच शिव्या देतो.”

आजूबाजूच्या सगळ्या बॉबिनवाल्या बायका एकदम बोलायला लागल्या. हो, हो, दोन बोटं. हॉलभर हसू पसरलं. मी स्टेजवर पाहुण्यांशेजारी बसलेला, गळ्यात हार. सगळं आयुष्य मी त्या बायांना शिव्या घातल्या होत्या, आणि बॉबिन कुठवर भरायची हे मला एकदाही कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. ही चूक ताईंची नव्हती, कॉम्प्युटरची नव्हती, छापखान्याची तर नव्हतीच.

ताईंनी यमुनाबाईचा हात धरून तिच्याच बोटांनी कागदावर मोजलं, एक, दोन. मग मान वर करून भर सभेत मला हाक मारली.

“मिस्त्री, खाली या. तुमचं चित्र बदलायचंय, आणि कसं ते ह्या सांगणार आहेत.”

पाहुणे सेठ माझ्याकडे बघत होते. मी गळ्यातला हार काढून नारळाशेजारी ठेवला, आणि उतरून यमुनाबाईपुढे मांडी घालून बसलो.